विचुंब्याची पहाट आणि वेळेची पैसेवारी

नवीन पनवेलची वस्ती मागे टाकून गाढी नदीचा पूल ओलांडला की विचुंबे गाव लागते. रायगड जिल्ह्याच्या नकाशात हे नाव शोधावे लागेल, इतके ते लहान आहे. तथापि मुंबईत जागा परवडत नाही आणि मुंबई सोडवतही नाही, अशा असंख्य कुटुंबांनी गेल्या काही वर्षांत येथे संसार थाटला आहे. पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी अस्तित्वात आली. विचुंबे मात्र ग्रामपंचायतीतच राहिले आणि नव्या विमानतळाच्या अनुषंगाने आखलेल्या ‘नैना’ या नियोजन क्षेत्रात मोडू लागले. त्यामुळे कौलारू घर, त्याच्या अंगणातील तुळशीवृंदावन आणि भिंतीला भिंत लागून उभी असलेली सात मजली इमारत असे दृश्य येथे पावलोपावली दिसते. बँकेच्या सेवेतून निवृत्त झाल्यावर मुलाच्या नोकरीच्या सोयीसाठी आम्ही उभयता येथे राहावयास आलो आणि पाहता पाहता येथलेच झालो.

विचुंब्याचे खरे वैभव पूर्वेकडे आहे. माथेरानचे लांबरुंद पठार, त्याच्या अलीकडे प्रबळगड आणि त्याला बिलगून उभा असलेला कलावंतिणीचा सुळका सकाळच्या स्वच्छ हवेत अगदी हाताच्या अंतरावर भासतात. दक्षिणेकडे नजर टाकली तर कर्नाळ्याचा अंगठा ओळखू येतो. गाढी नदी माथेरानच्या याच डोंगरांतून येते. देहरंगच्या धरणात तिचे पाणी अडवून ते पनवेल शहराला पुरवले जाते, आणि उरलेली गाढी आमच्या गावावरून पनवेलच्या खाडीकडे जाते. मे महिन्यात ती ओढ्याएवढी दिसते. जुलैमध्ये तीच पुलाखालून अशी धावते की पाहणाऱ्याचे पाय आपोआप मागे सरकतात.

या परिसरातील व्यापार पूर्वीपासून हवामानाच्या तंत्राने चालत आला आहे. बोरघाटाचा रस्ता १८३० मध्ये चाकाच्या गाड्यांना खुला झाल्यावर घाटावरचा माल बैलगाड्यांनी पनवेलला उतरू लागला आणि येथून गलबतांतून खाडीमार्गे मुंबईला जाऊ लागला. त्या पेठेच्या भरभराटीतूनच १८५२ मध्ये पनवेलला नगरपालिका मिळाली. परंतु पावसाळा लागला की समुद्र बंद होई, गलबते किनाऱ्यावर ओढली जात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत पेढीवरची गर्दी ओसरे. त्या चार महिन्यांत विक्री घटली म्हणून कोणा व्यापाऱ्याने स्वतःला नालायक ठरवले नाही. त्याने वर्षाचा हिशेबच आठ महिन्यांच्या बाजारावर बसवला. जुन्या पेठेतील हे साधे व्यवहारज्ञान मला अलीकडे एका अगदी निराळ्या प्रसंगी उपयोगी पडले. तो प्रसंग धावण्याचा आहे.

विचुंब्यात पहाटे धावणाऱ्यांची संख्या गेल्या काही वर्षांत चांगलीच वाढली आहे. त्याचे कारण रस्ता. गावातून सुकापूरला यावे, तेथून नेरे गाठावे आणि पुढे गाढेश्वराकडे जाणारी वाट धरावी. हळूहळू इमारती मागे पडतात, भाताची खाचरे सुरू होतात आणि समोरचा डोंगर क्षणोक्षणी मोठा होत जातो. पहाटे पाचच्या सुमारास या रस्त्यावर दूधवाल्यांच्या मोटारसायकली आणि धावणारी मंडळी यांखेरीज कोणी नसते.

आमच्याच इमारतीतील एक तरुण या मंडळींपैकी आहे. त्याच्या वडिलांचे नवीन पनवेलला भांड्यांचे दुकान आहे. सकाळी साडेनऊ ते रात्री नऊ हा मुलगा दुकानात असतो. अशा मुलाने गेल्या वर्षीच्या जून महिन्यात जानेवारीतील मुंबई मॅरेथॉनमध्ये ४२.१९५ किलोमीटर चार तासांच्या आत धावण्याचा संकल्प सोडला. वडिलांना हे फारसे रुचले नव्हते. “साहेब, पहाटे धावून आलेला माणूस दुपारी गल्ल्यावर पेंगतो. एक वर्ष करू द्या त्याला. चार तास म्हणतोय ना, बघू,” असे शेठ मला म्हणाले होते. म्हणजे चार तासांचा आकडा मुलासाठी केवळ हौसेचा नव्हता. पुढील वर्षीच्या पहाटा मिळणार की नाही, हे त्यावर ठरणार होते.

चार तासांत हे अंतर कापायचे तर प्रत्येक किलोमीटरला ५ मिनिटे ४१ सेकंद पडतात. रविवारच्या लांब पल्ल्याला मी स्कूटरवर पाणी आणि लिंबू-मीठ-साखरेच्या सरबताच्या बाटल्या घेऊन त्याच्या मागे जात असे. बँकेतील सवय सुटत नाही, म्हणून एक वहीही ठेवली होती. तिच्यात चारच रकाने होते: अंतर, लागलेला वेळ, निघतानाचे तापमान आणि शेरा. त्या वहीतील तीन नोंदी वाचकांसमोर ठेवतो. जुलैचा दुसरा रविवार: १६ किलोमीटर, १ तास ४२ मिनिटे, २६ अंश, संततधार. ऑक्टोबरचा दुसरा रविवार: २४ किलोमीटर, २ तास ४४ मिनिटे, २७ अंश, वारा पडलेला. डिसेंबरचा तिसरा रविवार: ३० किलोमीटर, २ तास ५३ मिनिटे, १६ अंश, दव. ऑक्टोबरात किलोमीटरमागे ६ मिनिटे ५० सेकंद घेणारा मुलगा दोन महिन्यांनी त्याच रस्त्यावर, त्याहून लांबचे अंतर ५ मिनिटे ४६ सेकंदांच्या गतीने धावला. दोन महिन्यांच्या सरावाचा त्यात वाटा होताच. परंतु किलोमीटरमागे एक मिनिटाहून अधिकचा फरक केवळ सरावाने पडत नाही. अकरा अंश उतरलेल्या पाऱ्याचा वाटाही त्यात मोठा होता.

याचे शास्त्र समजून घेण्यासारखे आहे. धावताना आपण खर्च करतो त्या ऊर्जेचा जेमतेम एक चतुर्थांश भाग प्रत्यक्ष पुढे जाण्याच्या कामी येतो. उरलेल्या भागाची उष्णता होते आणि ती शरीराला बाहेर टाकावी लागते. त्यासाठी निसर्गाने घामाची योजना केली आहे. एक लिटर घामाची पूर्ण वाफ झाली तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. अट एकच, ती म्हणजे घाम उडाला पाहिजे. नुसता ठिबकून गेलेला घाम शरीराला थंड करत नाही. कोकणपट्टीच्या दमट हवेत नेमके हेच होते. हवेत आधीच इतकी वाफ असते की घामाला जायला जागा उरत नाही. मग हृदय अधिकाधिक रक्त त्वचेकडे पाठवू लागते, पायांच्या स्नायूंना तितके कमी मिळते, आणि तीच गती राखायला नाडीचे ठोके वाढवावे लागतात. लांब पल्ल्याला साधारण दहा अंशांच्या आसपासची कोरडी हवा सर्वांत अनुकूल मानली जाते. कुलाब्याचे जानेवारीतील किमान तापमान सरासरीने १९ ते २० अंशांच्या घरात असते. मुंबईची ही शर्यत वर्षातील सर्वांत थंड महिन्यात ठेवलेली आहे, तरीही धावणाऱ्यांच्या दृष्टीने ती उष्ण हवेतील शर्यतच ठरते.

त्या रविवारी पहाटे शेठ आणि मी पनवेलहून लोकलने मुंबईला गेलो. मुलगा आदल्या रात्रीच मुंबईतील नातेवाइकांकडे मुक्कामाला गेला होता. डिसेंबरातील थंडी जानेवारीत टिकली नव्हती. आकाशात ढग होते, वारा नव्हता आणि पहाटेच्या त्या वेळीही अंगाला चिकटपणा जाणवत होता. स्थानकाबाहेर पडताच मी शेठना म्हणालो, “आज कठीण आहे.” त्यांनी नुसते माझ्याकडे पाहिले. बाजारात भाव पडल्याची बातमी आली की व्यापारी जसा पाहतो, तसे ते पाहणे होते.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून निघून सागरी सेतूवरून वांद्र्याकडे जाऊन परत येणारा हा मार्ग बहुतांशी सपाट आहे. पेडर रोडचा चढ तेवढा परतीच्या वाटेवर येतो, आणि तो अशा ठिकाणी येतो की तेथवर ३५ किलोमीटर पायांखालून गेलेले असतात. आम्ही दोघे ग्रँट रोडला उतरून त्या चढाच्या बाजूला जाऊन उभे राहिलो. रस्त्याच्या दुतर्फा राहणारी कुटुंबे संत्र्याच्या फोडी, चिक्की, मिठाचे खडे आणि पाण्याचे पेले घेऊन अनोळखी माणसांसाठी उभी होती. पंच्याहत्तरीच्या एक आजी खुर्चीवर बसून प्रत्येकाला “शाबास बाळा” म्हणत होत्या. त्या बाळांपैकी काही साठीचे होते.

मुलगा आमच्या अंदाजाहून बराच उशिरा दिसला. तो चढावर चालत होता. नंतर कळले ते असे: अर्धे अंतर त्याने १ तास ५९ मिनिटांत, म्हणजे ठरल्याप्रमाणे कापले होते. पंचविसाव्या किलोमीटरनंतर गती तीच असताना नाडी वर जाऊ लागली, अंगावर काटा आला आणि घाम असूनही गार वाटू लागले. तेव्हा त्याने स्वतःहून गती उतरवली. प्रत्येक पाणपोईवर तो थांबला, पाणी डोक्यावर ओतून घेतले, मीठ घेतले. शेवटचे बारा किलोमीटर कधी धावत, कधी चालत केले. घड्याळाने ४ तास २३ मिनिटे दाखवली. त्याच्याबरोबर विचुंब्यातून गेलेल्या आणखी चौघांचीही तीच गत झाली होती. प्रत्येक जण आपापल्या उद्दिष्टाच्या पंधरा ते तीस मिनिटे मागे राहिला. त्यांतील एकाने मात्र बत्तीस किलोमीटरपर्यंत हट्टाने गती सोडली नाही, आणि त्याला वैद्यकीय तंबूत सलाईन लावून घ्यावे लागले.

परतीच्या लोकलमध्ये मुलगा खिडकीकडे तोंड करून बसला होता. “काका, सात महिने फुकट गेले,” इतकेच तो मला म्हणाला. वडिलांशी बोलण्याचे धैर्य त्याला होत नव्हते. मानखुर्द सोडून गाडी खाडीच्या पुलावर आली तेव्हा शेठनीच विचारले, “आज बाजारच मंदा होता का रे सगळ्यांचा?”

मुलाने मान हलवली. “हो पप्पा, सगळ्यांचाच.”

“मग दुकान बंद नाही पडलं ना?” शेठ म्हणाले आणि डबा उघडून ठेपले पुढे केले.

या दोन वाक्यांत एका जुन्या व्यापाऱ्याने जे सांगितले, ते मला बँकेच्या भाषेत अधिक तपशिलाने मांडावेसे वाटते. माझ्या सेवेची बरीच वर्षे ग्रामीण शाखांत गेली. तेथे पीककर्जाची वसुली हा कायमचा विषय. एखाद्या गावात पाऊस दगा देई आणि हंगाम बुडे. अशा वेळी शासनाची पैसेवारी जाहीर होते. पूर्वी ती सोळा आण्यांच्या मापाने होई म्हणून जुनी माणसे तिला अजून आणेवारी म्हणतात. गावातील निवडक शेतांत ठरावीक आकाराचा तुकडा आखून तेथील पीक प्रत्यक्ष कापून मोजले जाते आणि ते चांगल्या वर्षाच्या प्रमाण उत्पन्नाशी ताडून पाहिले जाते. आधी नजरअंदाज, मग सुधारित आणि शेवटी अंतिम असा तिचा क्रम असतो. ती पन्नास पैशांच्या आत आली की गावाला सवलती लागू होतात आणि बँका पीककर्जाचे रूपांतर मध्यम मुदतीच्या कर्जात करतात.

पैसेवारीतील दोन गोष्टी मला नेहमीच शहाणपणाच्या वाटल्या आहेत. पहिली अशी की, ती शेतकऱ्याच्या चारित्र्याचे मोजमाप करत नाही, त्या वर्षाचे करते. चाळीस पैसे आलेल्या गावातील शेतकऱ्याला कोणी आळशी म्हणत नाही. दुसरी अशी की, ती कोणाच्या रडगाण्यावर ठरत नाही. शेजारपाजारच्या शेतांतील पीक प्रत्यक्ष तोलून ती ठरते. त्यामुळे ज्याने पेरलेच नाही त्याला दुष्काळाच्या नावावर लपता येत नाही, आणि ज्याने कष्ट केले त्याच्यावर बोलही येत नाही. धावण्याच्या वेळेलाही अशीच पैसेवारी लावली पाहिजे, असे माझे मत आहे. त्या मापाने आमच्या मुलाने २४० मिनिटांचे काम २६३ मिनिटांत केले, म्हणजे रुपयातील एक्क्याण्णव पैसे पदरात पाडले.

हे एक्क्याण्णव पैसे कमी की अधिक, हे ठरवण्यासाठी मोठ्या शेतांकडे पाहू. नाशिक जिल्ह्यातील कविता राऊत, ज्यांना महाराष्ट्र ‘सावरपाडा एक्सप्रेस’ या नावाने ओळखतो, त्यांनी फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत मॅरेथॉनचे सुवर्णपदक २ तास ३८ मिनिटे ३८ सेकंदांत मिळवले आणि ऑलिंपिकचे तिकीट पक्के केले. त्याच वर्षी १४ ऑगस्टला रिओ येथे सकाळी साडेनऊला सुटलेल्या शर्यतीत, चढत्या उन्हात, त्यांना २ तास ५९ मिनिटे २९ सेकंद लागले. पैसेवारी अठ्ठ्याऐंशी. त्याच शर्यतीत ओ. पी. जैशा यांना २ तास ४७ मिनिटे १९ सेकंद लागले. आदल्या वर्षी बीजिंगमध्ये त्यांनी २ तास ३४ मिनिटे ४३ सेकंदांची वेळ दिली होती. पैसेवारी ब्याण्णव. देशातील अव्वल धावपटूंच्या हातून जेथे दहा पैसे सुटतात, तेथे भांड्यांच्या दुकानातील मुलाच्या हातून नऊ सुटले, तर त्यात लाज वाटण्याजोगे काय आहे?

जागतिक विजेत्यांचेही हेच आहे. इथिओपियाचे लेमी बेरहानू हायले यांनी जानेवारी २०१६ मध्ये दुबईत २ तास ४ मिनिटे ३३ सेकंदांची वेळ दिली. तीनच महिन्यांनी बोस्टनच्या चढउताराच्या रस्त्यावर, उबदार हवेत, ते २ तास १२ मिनिटे ४५ सेकंदांत पहिले आले. २०२३ मध्ये ते मुंबईत आले आणि २ तास ७ मिनिटे ३२ सेकंदांत धावून त्यांनी येथील स्पर्धेचा नवा विक्रम केला. स्वतःच्या उत्तम वेळेहून तीन मिनिटे मागे राहूनही ते मुंबईत विक्रमवीर ठरले, कारण मुंबईची हवा ही मुंबईच्याच मापाने मोजावी लागते.

उलट बाजूची उदाहरणेही आहेत. १६ एप्रिल २०१८ रोजी बोस्टनमध्ये गोठवणारा पाऊस आणि समोरून झोंबणारा वारा होता. अनेक नामवंत धावपटू वाटेतच बाजूला झाले. जपानचे युकी कावाउची, जे तेव्हा सरकारी कार्यालयात पूर्ण वेळ नोकरी करत होते, २ तास १५ मिनिटे ५८ सेकंदांत जिंकले. महिलांमध्ये डेझिरी लिंडेन २ तास ३९ मिनिटे ५४ सेकंदांत पहिल्या आल्या. पुरुषांची इतकी संथ विजयी वेळ तेथे १९७६ नंतर आणि महिलांची १९७८ नंतर दिसली नव्हती. तरीही त्या दोघांच्या विजयाला कोणी संथ म्हणत नाही.

आपल्या मराठी मुलखाचा या इतिहासाशी शंभर वर्षांहून जुना संबंध आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरील स्पर्धांत अनवाणी धावणारी मुले पाहून सर दोराबजी टाटांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी संघ पाठवण्यात पुढाकार घेतला. त्या संघातील बेळगावचे फडेप्पा दारेप्पा चौगुले हे मॅरेथॉन धावले. डेक्कनच्या कोरड्या उन्हात वाढलेला हा अठरा वर्षांचा तरुण बेल्जियमच्या थंड, पावसाळी हवेत उतरला. त्या वर्षीचे अंतरही नेहमीहून अधिक, पाऊण कमी त्रेचाळीस नव्हे तर चांगले पावणेत्रेचाळीस किलोमीटर होते. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. त्यांचे सहकारी सदाशिव दातार यांना शर्यत पूर्ण करता आली नाही. पदक आले नाही, तरी ऑलिंपिक मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्या पहिल्या भारतीयाचे नाव त्या दिवशी नोंदले गेले.

हवामानापुढे नमते घेण्याची लाज माणसाला किती काळ छळू शकते, याचे उदाहरण जपानच्या शिझो कानाकुरी यांचे आहे. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये कडक उन्हात निम्म्याच्या आसपास धावपटूंनी शर्यत सोडली. कानाकुरी वाटेत एका घरी पाणी पिण्यास थांबले आणि कोणाला न कळवता मायदेशी परतले. १९६७ मध्ये स्वीडनने त्यांना सन्मानाने बोलावून शर्यत पूर्ण करवून घेतली. त्यांची वेळ ५४ वर्षे, ८ महिने, ६ दिवस आणि वर काही तास अशी नोंदली गेली. हा किस्सा हसत सांगितला जातो. परंतु त्याच शर्यतीत पोर्तुगालचा तरुण धावपटू फ्रान्सिस्को लाझारो उष्म्याने कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला, हे कोणी विसरू नये. थांबलेला माणूस पन्नास वर्षांनी का होईना परत येऊ शकला.

आपल्या घरांतील मुलेमुली आता मोठ्या संख्येने अशा शर्यतींत उतरत आहेत, म्हणून चार व्यवहाराच्या गोष्टी लिहितो. सात महिन्यांच्या सरावाला एकच आकडा बांधू नये. दुकानाचा अंदाज आपण तेजी, मंदी आणि मध्यम अशा तिन्ही बाजूंनी करतो, तसे तीन आकडे ठेवावेत आणि त्यांतला कोणता वापरायचा हे निघण्याच्या वेळची हवा पाहून ठरवावे. उकाडा असेल तर पहिल्या पाच किलोमीटरपासूनच गती उतरवावी. पंचविसाव्या किलोमीटरनंतर उतरवली तर तोवर शरीराची गंगाजळी संपलेली असते. पाण्याबरोबर मीठ घ्यावे, कारण नुसते पाणी अति पिण्यानेही रक्तातील सोडियम उतरून धोका होतो. उकाड्यात अंगावर काटा येणे, गार वाटणे, बोलण्यात गोंधळ होणे ही धोक्याची घंटा समजावी आणि त्या क्षणी घड्याळ विसरून मदत मागावी. घरच्यांनी परत आलेल्या मुलाला “किती वेळ लागला?” हे विचारण्याआधी “हवा कशी होती?” हे विचारावे.

आमच्या इमारतीत पुढची तयारी सुरू झाली आहे. शेठनी परवानगी दिली, इतकेच नव्हे तर दुकानातील एक स्टीलची मोठी बाटलीही दिली. वहीत यंदा एक रकाना वाढला आहे, तो हवेतील आर्द्रतेचा. पहिल्या पानावर मुलाने तीन आकडे लिहिले आहेत: गार हवेला ३ तास ५५ मिनिटे, मध्यम हवेला ४ तास ५ मिनिटे, उकाड्याला ४ तास २० मिनिटे. खाली शेठनी आपल्या वळणदार अक्षरात ‘पाहून घेणे’ असा शेरा मारला आहे.

विचुंबे पाहावयास यायचे असल्यास डिसेंबर किंवा जानेवारीतील रविवार निवडावा. पनवेल स्थानकाच्या नवीन पनवेल बाजूने रिक्षा मिळते. सूर्योदयापूर्वी सुकापूर सोडून नेऱ्याच्या रस्त्याला लागावे. चालत निघालात तरी चालेल. खाचरांवर दव असते, प्रबळगडाच्या मागून उजेड वर येतो आणि रस्त्याने धावत येणारी मंडळी हात उंचावून नमस्कार करतात. त्यांच्यापैकी कोणाच्या मागे एक म्हातारा स्कूटरवरून हळूहळू येताना दिसला तर थांबवावे. सरबताची एक बाटली पाहुण्यांसाठी जादा ठेवलेली असते.